गोसीखुर्दचं एस्टिमेट

मंडळी, आपल्या धंद्यात प्रोजेक्ट दोन आठवडे लांबला तरी मॅनेजर सोमवारी सकाळी उभं करतो. एस्टिमेट कुणी दिलं, कशावरून दिलं, सगळं काढतो. आता जरा हे एस्टिमेट बघा.

वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला 1983 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा खर्च धरला होता 372 कोटी. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींनी भूमिपूजन केलं. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजणार होती. 2016 पर्यंत सुधारित खर्च गेला 18,494 कोटींवर. जवळजवळ पन्नासपट! महागाई, भूसंपादन, पुनर्वसन ही कारणं खरीच आहेत. पण एवढ्यानं हिशोब लागतो का?

1997 मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झालं, मुख्यालय नागपूर. स्वतंत्र महामंडळ असलं की निर्णय लवकर होतील, ही कल्पना. झाले की! 2009 मध्ये काही महिन्यांत विदर्भातल्या 38 प्रकल्पांच्या किमती 6,672 कोटींवरून 26,722 कोटींवर नेल्या गेल्या.

पुढे 2012 मध्ये खात्यातल्याच एका मुख्य अभियंत्यानं, विजय पांढरे यांनी, पत्र लिहून वाचा फोडली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबरमध्ये राजीनामा दिला, आणि डिसेंबरात ते परतही आले. गंमत म्हणजे सिंचन नक्की वाढलं किती, यावरच सरकारचं एकमत नव्हतं. आर्थिक पाहणी म्हणाली दहा वर्षांत 0.1 टक्का, त्याच वर्षीची श्वेतपत्रिका म्हणाली 5.17 टक्के. मग चितळे समिती झाली, नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाल्या, लाचलुचपत प्रतिबंधक खात्याच्या चौकश्या झाल्या. नोव्हेंबर 2019 मध्ये त्यातल्या नऊ बंद झाल्या.

व्हर्जन कंट्रोलमध्ये कुठली ओळ कुणी, कधी बदलली ते लगेच दिसतं. सरकारी फायलीतही दिसतं बरं का, प्रत्येक पानावर सही असते. फक्त खालचा म्हणतो मी वर पाठवलं, वरचा म्हणतो मी खालच्या टिपणीवर सही केली. सह्या जितक्या जास्त, तितकी जबाबदारी पातळ.

असो. ज्यांची गावं पाण्याखाली गेली आणि ज्यांच्या शेतापर्यंत कालवा पोचायला दशकं लागली, त्यांनी जाब विचारायचा कुणाला? आपण निदान आकडे तरी लक्षात ठेवू.