घटता आकडा

१९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये राक्षस दिसला की तलवार उपसायची. १९८१ साली सँडी पीटरसनने लव्हक्राफ्टच्या कथांवरून 'कॉल ऑफ कथुलू' रचला आणि खेळाडूच्या कागदावर एक नवा आकडा आला, मनाच्या तोलाचा. अघोरी काही दिसलं की फासे टाकायचे; हरलात की आकडा घटणार. गंमत म्हणजे त्या गूढाचं ज्ञान जितकं वाढेल, तितकी तोलाची कमाल मर्यादाही खाली येते!

मी खेळ चालवायचो तेव्हा राक्षस रंगवून रंगवून सांगायचो. सगळे हसायचे. एकदा नुसतं "टाक फासे" म्हणालो आणि गप्प बसलो. मित्राचा हात थबकला. भीती राक्षसात नव्हतीच, त्या आकड्यात होती. पीटरसनला हे आधीच कळलं होतं. मला मात्र उशिरा.