हातात कागद घेतलेले नाटक

नाटक म्हटले की पडदा हवा, पोशाख हवेत, असे आपण धरून चालतो. विल्यम वेल्स ब्राऊन यांच्याजवळ यातले काहीच नव्हते. केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेले हे गृहस्थ १८३४ च्या जानेवारीत ओहायोमध्ये मालकाच्या हातून निसटले. ज्या क्वेकर माणसाने त्यांना आसरा दिला त्याचेच नाव त्यांनी लावले. लिहायला-वाचायला ते त्यानंतर शिकले. आणि १८५६ पासून गुलामीविरोधी सभांमधून ते स्वतः लिहिलेली नाटके वाचून दाखवू लागले. एकटेच! मालक तेच, मालकीणही तेच, पळून जाणारे गुलामही तेच.

हे वाचन केवळ गरिबीपोटी होते असे आम्हांला वाटत नाही. त्या काळच्या अमेरिकन रंगमंचावर गोरे नट तोंडाला काळे फासून काळ्यांची टवाळी करीत. तिथे ब्राऊन यांना जागा कोण देणार? शिवाय थिएटरची पायरी चढणे ज्यांना पाप वाटे, ती धार्मिक मंडळीही वाचन ऐकायला येऊन बसू शकत. त्यांचे पहिले नाटक छापले गेले नाही, ते हरवलेच. दुसरे, 'द एस्केप', १८५८ मध्ये बोस्टनला छापले गेले. आफ्रिकी-अमेरिकन लेखकाचे छापून आलेले ते पहिले नाटक मानले जाते.

याच सुमारास, १८५५ मध्ये, पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' लिहून दक्षिणा प्राईज कमिटीकडे दिले होते. कमिटीने ते नाकारले आणि फुल्यांच्या हयातीत ते छापले गेले नाही. त्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली, हे वाचकांना ठाऊक आहेच.

शंभर वर्षांहून अधिक काळाने हीच वाचनाची रीत संस्थांच्या आश्रयाने पुन्हा दिसते. १९७३ मध्ये हार्लेममध्ये फ्रँक सिल्व्हेरा रायटर्स वर्कशॉप सुरू झाले. तेथे नव्या कृष्णवर्णीय नाटककारांच्या संहिता वाचल्या जात, त्यांवर चर्चा होई. कनेक्टिकटमधील वॉटरफर्ड येथे १९६४ साली स्थापन झालेल्या ओ'नील थिएटर सेंटरची नाटककार परिषद मात्र सर्वांसाठी होती. तिची सूत्रे तीस वर्षे लॉइड रिचर्ड्स या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाकडे होती. थोड्या दिवसांची तालीम, नटांच्या हातात संहिता, नेपथ्य जवळजवळ नाही. वाचन संपले की लेखक पुन्हा लिहायला बसे.

पिट्सबर्गचे ऑगस्ट विल्सन या परिषदेकडे नाटके पाठवीत होते आणि ती परत येत होती. हे तेच विल्सन, ज्यांनी पंधराव्या वर्षी शाळा सोडली होती. नेपोलियनवर लिहिलेला निबंध त्यांचा स्वतःचा नाही, असा संशय शिक्षकाने घेतला, म्हणून. मग ते शाळेऐवजी कार्नेगी ग्रंथालयात जाऊन बसू लागले. आम्ही स्वतः शिक्षक आहोत. चांगला निबंध पाहून 'कुठून उतरवलास?' हा प्रश्न आमच्याही ओठांवर आलेला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही.

१९८२ च्या उन्हाळ्यात 'मा रेनीज् ब्लॅक बॉटम' तेथे वाचले गेले. १९२७ सालच्या शिकागोतील रेकॉर्डिंग स्टुडिओ, गाणारी कृष्णवर्णीय बाई, वाट पाहणारे वादक आणि आवाज विकत घेणारे गोरे मालक. संहिता फार लांबलेली होती, ती कापावी लागली. १९८४ मध्ये ती आधी येल येथे आणि नंतर ब्रॉडवेवर उभी राहिली, दोन्हीकडे रिचर्ड्स यांच्याच दिग्दर्शनाखाली. पुढच्या 'फेन्सेस'चेही वाचन वॉटरफर्डलाच झाले. त्याला १९८७ चे पुलित्झर मिळाले.

विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकावर एक अशी दहा नाटके विल्सन यांनी पुरी केली. २ ऑक्टोबर २००५ रोजी ते वारले. त्याच महिन्यात ब्रॉडवेवरील एका थिएटरला त्यांचे नाव देण्यात आले. कृष्णवर्णीय माणसाचे नाव लागलेले ते तिथले पहिले थिएटर.