स्क्रीन शेअरिंग

स्क्रीन शेअरिंग : ऑनलाइन बैठकीत एका सहभागी व्यक्तीच्या संगणकावर किंवा मोबाइलवर जे दिसते, तेच त्याच वेळी इतरांच्या पडद्यांवर दाखवण्याची सोय. तिच्यातून मूळ फाइल जात नाही, तिचे सतत बदलणारे चित्र जाते. म्हणून पाहणाऱ्याला तक्ता वाचता येतो, पण नियंत्रण सोपवल्याशिवाय त्यात काही बदलता येत नाही, आणि दाखवणाऱ्याने शेअरिंग थांबवताच ते चित्र नाहीसे होते.

या कल्पनेचे पहिले मोठे प्रात्यक्षिक डग्लस एंगेलबार्ट यांनी 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे केले. त्या वेळी मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत बसलेला सहकारी आणि ते स्वतः एकाच मजकुरावर काम करताना प्रेक्षकांनी पाहिले. 1996 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नेटमीटिंगमुळे ही सोय सामान्य संगणकावर आली, आणि 2020 च्या टाळेबंदीत ती शाळा, कचेऱ्या व न्यायालयांच्या रोजच्या व्यवहाराचा भाग झाली.

चंद्रपूर आणि 1982 मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली या वनजिल्ह्यांत या सोयीचे मोल अंतरामुळे वाढते. सिरोंचा हे तालुक्याचे ठिकाण गडचिरोली शहरापासून सुमारे दोनशे किलोमीटर दूर आहे. भद्रावती तालुक्यातील माजरी येथे वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या कोळसा खाणी असून कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे. अशा ठिकाणच्या शासकीय किंवा कंपनीच्या ‘व्हीसी’त, म्हणजे दूरदृश्य बैठकीत, बोलणाऱ्याच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या समोरचा तक्ता किंवा नकाशा सर्वांना दिसणे अधिक गरजेचे असते.

इंटरनेट क्षीण असेल तर स्क्रीन शेअरिंग परवडणार नाही, हा समज बहुधा चुकीचा ठरतो. चित्र संकुचित करून पाठवणारी प्रणाली, जिला कोडेक म्हणतात, आधीच्या चित्रापेक्षा जो भाग बदलला तेवढाच प्रामुख्याने पाठवते, त्यामुळे स्थिर तक्त्यावर फारसा डेटा खर्च होत नाही. झूमच्या सूचनांत केवळ स्क्रीन शेअरिंगसाठी सेकंदाला 50 ते 75 किलोबिट, तर दोघांमधील उच्च दर्जाच्या व्हिडिओ कॉलसाठी सुमारे 600 किलोबिट इतकी गरज सांगितली आहे. म्हणून नेटवर्क डळमळीत असलेल्या गावातून बैठकीत येणाऱ्याने कॅमेरा बंद ठेवून पडदा दाखवणे हाच शहाणा मार्ग आहे. हा लाभ दोन गोष्टींनी वाया जातो: पान भराभर वरखाली सरकवल्याने आणि शेअर केलेल्या पडद्यावर चित्रफीत चालवल्याने, कारण दोन्हींत चित्र क्षणोक्षणी बदलत राहते.

वाचनीयता हा याहून दुर्लक्षित प्रश्न आहे. संगणकाच्या रुंद पडद्यावर सहज दिसणारा वीस स्तंभांचा एक्सेल तक्ता मोबाइलवरून सामील झालेल्याला वाचता येत नाही. त्यातच पुष्कळ कोडेक रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवतात. परिणामी लाल किंवा निळ्या बारीक अक्षरांच्या कडा पुसट होतात, आणि देवनागरीत सर्वांत आधी अनुस्वार व रफार हरवतात. खाणीच्या नकाशावरील बारीक रंगीत रेषांचेही तेच होते. काळी ठळक अक्षरे, पांढरी पार्श्वभूमी आणि गरजेपुरताच भाग मोठा करून दाखवणे हा त्यावर उपाय होय.

न्यायव्यवहारात मात्र केवळ चित्र पुरेसे मानले जात नाही. ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध प्रफुल्ल देसाई’ या 2003 च्या निर्णयात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगद्वारे साक्ष नोंदवण्यास सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. त्या न्यायालयाच्या ई-समितीने 2020 मध्ये तयार केलेल्या आदर्श नियमांनुसार दूरच्या साक्षीदाराला दस्तऐवजाची प्रतिमा दाखवता येते, परंतु दस्तऐवज साक्षीदाराकडेच असेल, तर त्याच्या व तेथील समन्वयकाच्या सहीची कागदी प्रत नंतर न्यायालयाकडे पाठवावी लागते.

सुरक्षिततेच्या दृष्टीने संपूर्ण पडद्याऐवजी एकच खिडकी शेअर करणे इष्ट असते, कारण संपूर्ण पडद्यावर बँकेचे संदेश व ओटीपीही उमटतात. एप्रिल 2020 मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने झूमविषयी दिलेल्या सूचनांत पडदा दाखवण्याची मुभा फक्त यजमानाला ठेवण्याचा सल्ला होता. दाखवणे आणि ताबा देणे यांत भेद आहे: एनीडेस्कसारख्या अ‍ॅपमधून परक्या व्यक्तीला संपूर्ण यंत्राचे नियंत्रण मिळू शकते, आणि त्या मार्गाने खात्यातील पैसे काढले जाण्याच्या धोक्याबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच बँकांना सावध केले होते.