माझदा एमएक्स-५
टप उघडून मागे दुमडता येणारी दोन आसनांची जपानी मोटार. अमेरिकेत ‘मियाटा’ या नावाने प्रसिद्ध. १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती प्रथम लोकांसमोर आली. तिचे स्फूर्तिस्थान लोटस एलानसारख्या १९६० च्या दशकातील ब्रिटिश गाड्या. त्यांत उघड्या आभाळाची मौज होती. पण बिघाड आणि गळका टप पाचवीला पूजलेले. माझदाच्या अभियंत्यांनी मौज राखली, कटकट घालवली.

त्यांचे सूत्र होते ‘जिंबा इत्ताई’, म्हणजे घोडा व स्वार यांची एकरूपता. १.६ लिटरचे इंजिन पुढे, चालना मागच्या चाकांना, वजन एक टनाच्या आत. शक्ती बेताचीच, आणि तेच योग्य होते. टप आसनावर बसल्या-बसल्या हाताने मागे टाकता येतो. मग झाडाखालचा गारवा, ओल्या मातीचा वास, इंजिनाचा सूर थेट चालकापर्यंत पोचतो. बंद मोटारीत जाणवतही नाही असा वेग इथे अंगावर येतो. सामानाला जागा तुटपुंजी, कुटुंबाला तर नाहीच. तरीही उघड्या मोटारीची ओढ इतक्या माफक खर्चात क्वचितच कोणी भागवली असेल. एप्रिल २०१६ मध्ये या मालिकेतील दहा लाखावी मोटार तयार झाली.