साळुंकी आधी पोचली

मॉरिशसला दुर्बीण घेऊन गेलेल्या मराठी माणसाची पहिली सकाळ जरा फजितीचीच जाते. हॉटेलच्या हिरवळीवर साळुंकी, विजेच्या तारेवर शिपाई बुलबुल, झाडावर आपलाच पोपट. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्याच, "हे बघायला एवढं विमानभाडं भरलं?"

मला मात्र या तिघांनीच बेटाच्या इतिहासात ओढलं. साळुंकी फ्रेंचांनी १७६२ मध्ये भारतातून मुद्दाम नेली, पिकांवरच्या टोळांचा फडशा पाडायला. करारावरच्या मजुरांची जहाजं तिथे लागू लागली ती १८३४ नंतर. पुढे मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसंही उसाच्या मळ्यांवर गेली. म्हणजे साळुंकी त्यांच्यापेक्षा सत्तरेक वर्षं जुनी गिरमिटिया. बुलबुल १८९२ च्या चक्रीवादळात पिंजरा मोडून सुटला म्हणतात. उंदरांवर उपाय म्हणून १९०० मध्ये मुंगूसही आणलं. त्याने उंदरांबरोबर पाखरंही खाल्ली.

त्याआधीचा बळी डोडो. १५९८ मध्ये डच उतरले आणि शंभर वर्षांच्या आतच तो संपला. एकट्या माणसाने खाऊन संपवला, हे काही मला पटत नाही; जमिनीवरच्या घरट्यातली अंडी जहाजांतून आलेल्या डुकरांनी, माकडांनी आणि उंदरांनी सोडली नसणार. डोडो आपल्याकडेही येऊन गेला, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं. पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याने सतराव्या शतकात सुरतेला दोन जिवंत डोडो पाहिले. त्याच सुमाराचं एक मुघल चित्र सेंट पीटर्सबर्गमध्ये आहे. ते उस्ताद मन्सूरचं मानतात. डोडोच्या खऱ्या रंगाचा अंदाज बांधताना अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

हाडं सापडली १८६५ मध्ये, माएबूरजवळच्या मार ओ सोंज या दलदलीत. रेल्वेच्या कामाच्या वेळी मजूर तिथला चिखल उपसत होते आणि निघालेल्या हाडांचे ढीग लावत होते. मग जॉर्ज क्लार्क या शाळामास्तरांनी माणसं कमरेएवढ्या पाण्यात उतरवली आणि अनवाणी पायांनी चाचपून हाडं काढवली. लंडनच्या रिचर्ड ओवेन या शरीरशास्त्रज्ञाने त्यावर ग्रंथ लिहिला. चिखलात पाय घालणाऱ्यांची नावं मात्र मला कुठे सापडली नाहीत.

मला खरं बघायचं होतं ते केस्ट्रेल, तिथला चिमुकला ससाणा. जंगल तुटलं, मलेरियासाठी डीडीटी फवारलं, आणि १९७४ मध्ये रानात उरले चार. त्यातल्या एका जोडीने झाडाची ढोली सोडून उभ्या कड्यात घरटं केलं. तिथे माकडाचा हात पोचेना, पिल्लं जगली. १९७९ मध्ये आलेल्या जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स यांनी पुढची युक्ती केली: पहिली अंडी उचलून उबवणीयंत्रात ठेवायची, म्हणजे मादी पुन्हा घालते. ब्लॅक रिव्हरच्या दरीत हा ससाणा आम्हाला दिसला, माकडांच्या कलकलाटावरून झर्रकन गेलेला.

गुलाबी कबूतर मात्र निवांत भेटलं, ईल ओ एग्रेत या २६ हेक्टरच्या प्रवाळी बेटावर. १९९० च्या सुमाराला रानात दहाएक उरलेलं हे पाखरू आता शेकड्यांत आहे, पण अजूनही त्याला ठरावीक जागी दाणे ठेवावे लागतात. आमच्यातल्या एका काकांनी नाक मुरडलं: "मग हे रानपाखरू कसलं? कबुतरखान्यातलंच की!" वाटाड्या हसला. तो मराठी घराण्यातला, बोलतो क्रिओल, घरी गणपती बसवतो. म्हणाला, इथलं रानच माणसानं खाल्लंय, निदान दाणे तरी घालायला नकोत? काकांनी उत्तर दिलं नाही, पण फोटो बरेच काढले.