मला एक नदी रडून दे!

इंग्रजी गाण्यांशी माझा संबंध बेताचाच. आमच्या लहानपणी वाड्यात रेडिओ एकच, तोही मालकांचा. त्यावर सकाळी भक्तिगीतं, दुपारी बाजारभाव आणि बुधवारी रात्री बिनाका गीतमाला. काटा चुकून सरकला आणि एखादा गोरा गळा लागलाच, तर मालक "खरखर आहे" म्हणत काटा परत जागेवर आणीत. अशा संस्कारांत वाढलेल्या माणसाने इंग्रजी प्रेमगीतांवर लिहायला बसणं हा शुद्ध आगाऊपणा आहे, हे मला कळतं. पण गेल्या महिन्यात घरात अशी एक गोष्ट घडली की गप्प राहवेना.

झालं असं, की माझ्या नातीचा प्रेमभंग झाला. घरात ही बातमी सगळ्यांत शेवटी मला कळली. कामवाल्या बाईंनासुद्धा दोन दिवस आधी ठाऊक होती. आमच्या काळी प्रेमभंग झाला की मुलगा दाढी वाढवायचा आणि मुलगी मावशीकडे जायची. हिने खोलीचं दार लावून घेतलं आणि एकच इंग्रजी गाणं दोन दिवस वाजवलं. तिसऱ्या दिवशी त्या मुलाचा निरोप आला. चुकलो, झोप येत नाही, सारखं रडू येतं, असा मजकूर. नातीने अंगठ्यांनी खटाखट काहीतरी बडवलं आणि फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "आबा, बरोबर लिहिलंय ना?"

लिहिलं होतं, 'क्राय मी अ रिव्हर'.

माझ्या पोटात तुटलं. मी म्हणालो, "अगं, इतकं हळवं होऊ नये. तो रडतो म्हणतोय आणि तू त्याला नदीभर रड म्हणून विनवतेस! म्हणजे तुझा जीव अजून..."

"आबा, हा टोमणा आहे."

"कुठला?"

"हाच. म्हणजे, रड आता! बस रडत! मला काय त्याचं!"

मी खुर्चीत बसलो. बसलेलाच होतो, पण पुन्हा बसलो. कारण हेच चार शब्द मला १९६९ साली, निळ्या शाईत, टपालाने आले होते.

आता हे सगळं सांगणं आलं. त्या साली मी पुण्यात बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. विषय संस्कृत. आमच्या वर्गात मुंबईहून आलेली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली एक मुलगी होती. नाव सांगत नाही. आज ती कुणाची तरी आजी असेल आणि तिचे नातू माझ्यापेक्षा धिप्पाड असतील. तिचा भाऊ बोटीवर नोकरीला होता, तो येताना इंग्रजी तबकड्या आणायचा. आमचं वर्षभर पुस्तकांच्या देवघेवीतून जे काय जमायचं ते जमलं. आणि नेमकं त्याच सुमारास मी एका मासिकात पाश्चात्त्य विचारवंतांवरचा एक लेख वाचला. पुरता नाही, अडीच पानं. पण तेवढ्यात माझी मान ताठ झाली. एका संध्याकाळी चहाचे पैसे तिला द्यायला लावून मी तिला सांगितलं, "प्रेम ही एक बूर्झ्वा कल्पना आहे." बूर्झ्वाचा अर्थ तिला ठाऊक होता. मला नव्हता. ती उठून गेली.

दोन महिने मी विचारवंत म्हणून काढले. पुढे खाणावळीतली आमटी आणि एकटेपणा दोन्ही असह्य झाल्यावर चार पानी क्षमापत्र लिहिलं. त्यात 'रात्र रात्र डोळ्याला डोळा नाही', 'उशी भिजते' वगैरे होतं. उत्तरादाखल आंतर्देशीय पत्र आलं. आत एकच ओळ, चार शब्द.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात जाऊन मोठा शब्दकोश उघडला. 'क्राय' सापडला, 'मी' सापडला, 'रिव्हर' तर तोंडपाठ होता. तिन्हींचा समास सोडवला तो असा: माझ्यासाठी नदीभर रड. मग काय विचारता! आपल्याकडे डोळ्यांतून गंगा-यमुना वाहतात, हे शाळेपासून माहीत. म्हणजे बिचारी म्हणते आहे की तुझं दुःख मला कळलं, आता ते वाहू दे! मी त्या मे महिन्यात मुठेच्या काठी जाऊन बसलो. मुठेला घोटाभर पाणी होतं, त्यात भर घालण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला आणि रात्री तिला आठ पानी पत्र लिहिलं. त्यात भगीरथ होता, मेघदूत होतं, मुठेच्या पाण्याची पातळीही होती. त्याला उत्तर आलं नाही. दुःखाच्या भाराने तिला लिहवत नसेल, असं मी समजलो, आणि गेली पंचावन्न वर्षं मनातल्या मनात तिला उदारपणे क्षमा करत आलो.

"थांबा आबा," नात म्हणाली. "मी वाजवते ते गाणं जस्टिन टिंबरलेकचं. ते २००२ सालचं आहे. तुम्हाला १९६९ मध्ये कसं येईल?"

प्रश्न बिनतोड होता. तिने फोनमध्ये खणायला सुरुवात केली आणि अर्ध्या तासात आम्ही आजोबा-नात अमेरिकेत जाऊन पोचलो.

मूळचं 'क्राय मी अ रिव्हर' लिहिलं आर्थर हॅमिल्टन नावाच्या गीतकाराने, १९५३ साली. टिंबरलेकचं गाणं वेगळं, नाव तेवढं तेच. गंमत म्हणजे हा वाक्प्रचार हॅमिल्टनने कुठून उचललेला नव्हता. असं कुणी बोलताना आपण ऐकलं नव्हतं, शब्दांची जोडी कानाला आवडली, आणि ज्याने आपलं मन मोडलं त्याच्या तोंडावर फेकायला हे उत्तर झकास आहे असं वाटलं, हे त्यानेच पुढे सांगितलं आहे. त्याला भीती एकच होती. 'क्राय मी' हे गाताना लोकांना 'क्रिमिया' ऐकू येईल, आणि ही क्रिमियातली कुठली नदी म्हणून ते नकाशे काढून बसतील! ही भीती मला फार जवळची वाटली. मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला क्रिमिया म्हटलं की फ्लॉरेन्स नाइटिंगेल आणि तिचा कंदील आठवतो. मी तसं ऐकलं असतं तर निदान भूगोलात तरी चुकलो असतो, प्रेमात चुकलो नसतो.

हे गाणं 'पीट केलीज् ब्लूज' या १९५५ च्या सिनेमात एला फिट्झजेराल्डने म्हणायचं होतं. पण सिनेमाचा दिग्दर्शक जॅक वेब एका शब्दावर अडला. शब्द 'प्लिबियन'. प्राचीन रोममध्ये सामान्य प्रजेला जे नाव होतं, तो. गाण्यातली बाई सांगते, की तू सोडून जाताना मला म्हणाला होतास, हे प्रेमबीम असल्या हलक्यासलक्या लोकांचं काम. वेबला हा शब्द बदलून हवा होता, हॅमिल्टन बदलेना, आणि गाणं सिनेमातून गेलं.

इथे मी नातीला म्हटलं, "पुन्हा वाच." कारण माझ्या अंगावर काटा आला होता. त्याने प्रेमाला हलक्या लोकांचं ठरवलं, मी बड्या लोकांचं! दिशा उलटी, शहाणपण तेच. ती मुंबईची मुलगी त्या संध्याकाळी उठून घरी गेली तेव्हा तिच्या भावाच्या तबकडीवर माझंच चरित्र आधीपासून कोरलेलं होतं. तिला पत्र लिहायचे कष्ट पडलेच नाहीत. नाव लिहिलं, काम झालं.

मग ते गाणं म्हटलं हॅमिल्टनच्या शाळासोबतिणीने, जूली लंडनने. साथीला एक गिटार आणि एक बास, बस्स. आणि ही जूली लंडन कोण? तर गाणं नाकारणाऱ्या त्याच जॅक वेबची घटस्फोटित बायको! १९५५ साली तिची तबकडी निघाली आणि अमेरिकेत तुफान चालली. पुढच्याच वर्षी 'द गर्ल कान्ट हेल्प इट' या सिनेमात ती स्वतःच दिसली. त्यात एक दारू प्यालेला गृहस्थ जिकडे बघेल तिकडे त्याला ती उभी राहून हेच गाणं म्हणताना दिसते. घरात दिसते, जिन्यावर दिसते. एला फिट्झजेराल्डनेही ते नंतर म्हटलं, १९६१ साली. मला मात्र त्या भास होणाऱ्या गृहस्थाबद्दल जास्त आपुलकी वाटली. त्याला निदान ती दिसली तेव्हा कळत तरी होतं की ही रागावली आहे.

नातीने जूली लंडन लावली. आवाज इतका हळू, की शेजारच्या खोलीत कुणी निजलं असावं. ओरडणं नाही, आदळआपट नाही. बाई अगदी मऊपणे सांगते, की आता परत येऊन एकटं वाटतं म्हणतोस काय, पस्तावलो म्हणतोस काय, मग सिद्ध कर, रडून दाखव. कारण मी तुझ्यापायी एक नदी रडून मोकळी झाले आहे. खरी मेख त्या 'मी' मध्ये आहे. इंग्रजीत मला केक भाजून दे, मला चहा करून दे, असं ज्या घाटाने म्हणतात त्याच घाटात तिने रडणं बसवलं आहे. मला एक नदी रडून दे! वाण्याला अर्धा किलो साखर बांधून द्यायला सांगावं तशी ऑर्डर आहे. मी त्यात 'माझ्यासाठी' वाचलं आणि विरघळलो.

पण माझा एकट्याचा दोष नाही हो. आमच्या पिढीला रडायला शिकवलं तलत महमूद आणि मुकेश यांनी. त्यांच्याकडे रडणं म्हणजे रडणंच, त्यात छद्म नाही. शिवाय आपल्याकडे प्रेमभंगाच्या भाषेत शरीर इतकं कामाला लागतं, की रागाला जागाच उरत नाही. इंग्रजाचं एकटं हृदय मोडतं. उर्दूवाल्याच्या दिलाबरोबर जिगरही जातो, आणि जिगर म्हणजे फारसीत चक्क यकृत. मलाय भाषेत तर दिलाचं सगळं काम यकृतच करतं. 'हाती' म्हणजे यकृत आणि प्रेमभंगात तेच मोडतं. आपलं काळीज हृदय म्हणून मिरवतं खरं, पण मटणाच्या दुकानात कलेजी मागून पाहा, काय मिळतं ते. त्याखेरीज मराठी माणसाच्या पोटात तुटतं, आतडं पिळवटतं आणि जीव तुटतो, तो वेगळाच. आमच्या शेजारच्या डॉक्टरांनी सांगितलं, की धक्क्याने हृदय खरोखरच तात्पुरतं दुबळं होतं. जपानी डॉक्टरांनी १९९० साली ते नोंदवलं आणि हृदयाचा तो फुगीर आकार पाहून त्याला 'ताकोत्सुबो' म्हणजे ऑक्टोपस पकडायच्या मडक्याचं नाव दिलं. हे ऐकून मला बरं वाटलं. निदान एका देशात तरी मोडलेल्या हृदयाची उपमा कवीने न देता डॉक्टरने दिली, आणि ती स्वयंपाकघराच्या जवळची आहे.

परंतु संस्कृतच्या विद्यार्थ्याला ही पळवाट नाही. त्याच १९६९ साली परीक्षेसाठी मी भरताच्या नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिका घोकल्या होत्या. वासकसज्जा, विरहोत्कंठिता, स्वाधीनभर्तृका, कलहान्तरिता, खंडिता, विप्रलब्धा, प्रोषितभर्तृका, अभिसारिका. आजही झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. यातली खंडिता म्हणजे कोण? जिच्या प्रियकराने दगा दिला आहे आणि तो परत आल्यावर जी त्याला गोड शब्दांत सोलून काढते ती. जयदेवाने 'गीतगोविंदा'त राधेच्या तोंडी हाच प्रकार घातला आहे, थेट आठव्या सर्गात. मम्मटाच्या 'काव्यप्रकाशा'त तर एक गृहस्थ आपल्याला बुडवणाऱ्याला म्हणतो, की तुझे किती उपकार झाले सांगू, असाच वागत जा आणि शंभर वर्षं सुखाने जग. याला विपरीतलक्षणा म्हणतात. शब्द सरळ, अर्थ उलटा. हा प्रश्न मला पेपरात आला होता आणि मी त्याचं उत्तर उत्तम लिहिलं होतं. पेपर देऊन खोलीवर आलो, तर टेबलावर एका खंडितेचं पत्र येऊन पडलं होतं; आणि मी शब्दकोश आणायला धावलो.

हे सगळं मी नातीला सांगत असताना आमची ही दारात उभी राहून लसूण सोलत होती. मला वाटलं, आता चकमक उडणार. पण ती शांतपणे म्हणाली, "आठ पानी?"

"हो."

"मला लग्नाआधी एकच पत्र आलं होतं. त्यात गाडीची वेळ होती."

मी नातीकडे पाहिलं. नात फोनकडे पाहत होती. तेवढ्यात फोन वाजला. त्या मुलाचं उत्तर आलं होतं. शब्द नव्हते, रडणाऱ्या पिवळ्या चेहऱ्यांची रांग होती. मी चष्मा पुसून मोजली. चौदा. आणि खाली एक निळी लाट.

"नदी काढलीय त्याने," मी हळूच म्हणालो. "अगं, त्याला कळलेलंच नाही. तो खरंच रडतोय. मी बोलू का त्याच्याशी? दोन मिनिटं."

नात काही बोलली नाही. तिच्या डोळ्यांत पाणी होतं की हसू, ते मला चष्मा लावूनही ठरवता आलं नाही.

"तुम्ही मध्ये पडू नका," ही लसणाची सालं गोळा करत म्हणाली. "कळेल त्याचं त्याला."

"कधी?"

"लागतील पंचावन्न वर्षं," असं म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.