निवळीपासून तुरटीपर्यंत : गढूळ पाण्याची गोष्ट

मृग बरसला की आपल्याकडचे ओढे तांबडे होतात. बेळगुंदीच्या शेजारचे राकसकोप धरणही पहिल्या पुराचे लाल पाणी पोटात घेते. मार्कंडेय नदीचे हे पाणी लक्ष्मी टेकडीवरच्या केंद्रात शुद्ध होऊन बेळगावच्या नळांना जाते. ते नितळ कसे होते आणि ही विद्या माणसाच्या हाती कशी आली, ते थोडक्यात पाहू.

जुने बेळगाव विहिरींवर जगत होते. डिसेंबर १९२४ मध्ये महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन येथे भरले, तेव्हाही पाण्यासाठी विहीरच खोदली गेली. टिळकवाडीतली ती काँग्रेस विहीर आजही आहे. विहिरीचे पाणी झिरपताना जमिनीतच गाळले जाते. पुढे वस्ती वाढली, विहिरी पुरेनात, नदी अडवावी लागली आणि नदीबरोबर गाळ आला.

वाळू घागरीत क्षणात तळाशी बसते. चिकणमातीचे तसे नाही. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण स्थिर पाण्यात १ मीटर खाली जायला सुमारे १२ दिवस घेतो. त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या कणाला हिशेबाने तीन वर्षांहून अधिक लागतात, आणि प्रत्यक्षात पाण्याच्या रेणूंचे धक्के त्याला बसूच देत नाहीत. ही अखंड थरथर रॉबर्ट ब्राऊन यांनी १८२७ साली सूक्ष्मदर्शकातून पाहिली. शिवाय अशा कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कण एकत्र येऊन जड होत नाहीत. थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये अशा पदार्थांना ‘कोलॉइड’ नाव दिले. मराठीत आपण त्यांना कलिल म्हणतो.

नाव नव्हते तरी उपाय आपल्या पूर्वजांकडे होता. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी निवळवणारी सात द्रव्ये सांगितली आहेत. त्यात कतक आहे, म्हणजे आपली निवळी. तिचे बी मडक्याच्या आतून घासून पाणी भरायचे. बियांतील प्रथिने व चिकट द्रव्ये कणांना एकत्र बांधतात आणि गाळ खाली बसतो. निवळीचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असा दाखला मनुस्मृतीतही आहे. अर्थात धर्म आचरावा लागतो, हे सांगण्यासाठी.

घरोघरी फिरवला जाणारा तुरटीचा खडा हेच काम अधिक जोमाने करतो. तुरटीतील ॲल्युमिनियमवर तीन धनभार असतात. भार जितके जास्त, तितकी कण गोठवण्याची ताकद कितीतरी पटींनी वाढते, हे शुल्झ यांनी १८८२ मध्ये दाखवले. त्याच सुमारास, १८८५ साली, अमेरिकेतील सॉमरव्हिल गावात तुरटी घालून मग वाळूतून पाणी गाळण्याची सोय झाली. आजच्या केंद्रांतही क्रम तोच आहे. तुरटी घालून पाणी आधी जोराने घुसळतात, मग हळूहळू ढवळतात. कणांचे कापसासारखे पुंजके होतात, ते बसतात आणि उरलेले वाळूच्या थरात अडकतात. शेवटी क्लोरीन. तुरटी किती घालायची हे रोज पाण्याचे नमुने तपासूनच ठरते. आपल्याकडचे पावसाचे मऊ पाणी तुरटीने आम्लधर्मी होऊ शकते, तेव्हा चुनाही लागतो.

ही काळजी का, ते दिल्लीने दाखवून दिले. १९५५ च्या अखेरीस नाल्याचे घाण पाणी यमुनेतून वझिराबाद केंद्राच्या तोंडाशी आले. तुरटी आणि क्लोरीन वाढवले गेले, पटकी-विषमज्वर पसरले नाहीत, पण सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. विषाणू गढूळपणाच्या आडोशाला लपतात आणि क्लोरीन तिथवर नीट पोहोचत नाही. म्हणूनच पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत असावा, असे भारतीय मानक सांगते.

आपल्यासाठी यात दोन गोष्टी आहेत. फडक्याने गाळलेले पाणी स्वच्छ दिसले तरी कलिल कण आणि जंतू त्यातून आरपार जातात. पावसाळ्यात तुरटीने निवळवून, वरचे पाणी काढून, मग ते उकळावे किंवा त्यात क्लोरीन घालावे. दुसरी गोष्ट बाप्पांची. शाडूची माती म्हणजेही तीच बारीक चिकणमाती. मूर्ती घरी बादलीत विसर्जित करावी आणि ते पाणी परसातल्या झाडांना घालावे. पिण्याच्या विहिरीत किंवा तळ्यात बाप्पांना निरोप देऊ नये. विघ्नहर्त्याच्या नावाने कुणाच्या घागरीत विघ्न नको.